चाचणीचं पान

"हा प्रिंटर अजून कुणी वापरतं का?" असं मृदुलाने सहा महिन्यांपूर्वी इंटरनेटवर विचारलं होतं. तो जुना प्रिंटर लिनक्स या मोफत संगणकप्रणालीवर चालावा म्हणून बारा वर्षांपूर्वी तिनेच प्रोग्राम लिहिला होता, आणि नोकरीतून उरलेल्या रविवारांत फुकट सांभाळला होता. उत्तर एकही आलं नाही. आज तो प्रोग्राम लिनक्सच्या यादीतून काढला, की ती सुटणार होती.

"काढ बाई एकदाचा," आई म्हणाली. "नुसती दुखरी मान धरून बसतेस. आणि हे घे, तुझं पत्र आलंय. हल्ली कोण गं पत्र पाठवतं?"

पत्र टपोऱ्या अक्षरांत छापलेलं होतं. डाव्या कडेने एक फिकट रेघ वरपासून खालपर्यंत उतरत गेली होती. मृदुलाने ती लगेच ओळखली. तिच्याच प्रोग्राममधली ती खोड तिला बारा वर्षांत घालवता आली नव्हती.

"ताई, मी अंगणवाडीत असते. आमच्या म्हाताऱ्या बारशाला पाळणा म्हणतात आणि तिसऱ्या कडव्यात अडतात, म्हणून मोठ्या अक्षरांत छापून देते. प्रिंटर लावला तेव्हा चाचणीचं पान निघालं, त्यावर तुमचा पत्ता आणि 'नीट छापलं तर कळवा' असं होतं. आठ वर्षं छापतेय, कळवायचं तेवढं राहून गेलं. रागावू नका. — सुभद्रा घोलप."

मृदुलाने पत्र दोनदा वाचलं.

"काय गं, काढलास का?"

"नाही. चहा टाक, आई. आधी ही रेघ काढून टाकते."