नक्की येते

परीक्षा केंद्राच्या पायरीवर हेमांगी मोबाइल हातात धरून बसली होती. शेजारी शबाना. दिसत नसलं तरी तिचं तोंड फाटकाकडेच होतं.

"आलं का कुणी, मॅडम?"

"येतील गं."

अंध मुलांचा पेपर लिहायला हाडामांसाचा माणूसच हवा आणि तो त्यांना शिकवणाऱ्या संस्थेतला नको, हा नियम अजून टिकून होता. म्हणून हेमांगीने संस्थेच्या पानावर हाक दिली, तर 'नक्की येते', 'मी आहे ना' अशा उत्तरांचा नुसता खच पडला. पण हल्ली स्वतः वाचतंय कोण! प्रत्येकाच्या मोबाइलमधला 'सोबती' हा यंत्रमदतनीस परस्पर मालकाच्याच भाषेत हळहळायचा, बदाम पाठवायचा, शब्दही देऊन टाकायचा. मालकाला त्याचा पत्ताही नसायचा.

सकाळपासून ती एकेकाला फोन लावत होती. "कसला पेपर?" शेवटच्याने जांभई देत विचारलं.

घंटा झाली. शबाना उठली, काठी चाचपली आणि पुन्हा खाली बसली.

"पुढच्या वर्षी देईन," ती म्हणाली.

तेवढ्यात हेमांगीचाच फोन वाजला.

"ताई, वृद्धाश्रमातून बोलतोय. निघालात ना? आमचे दामले आजोबा सकाळीच दाढी करून दारात बसलेत. तुम्ही गप्पा मारायला येणार म्हणून."

"मी? कोण म्हणालं?"

"तुम्हीच की! वर दोन बदामसुद्धा पाठवलेत."