पहिला प्रश्न

अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला, चष्मा पुसला आणि वार्षिक अहवालाचं पुढचं पान उलटलं. डॉक्टरांनी मान वर केली नाही. त्या पानावर काय आहे ते त्यांना तोंडपाठ होतं, कारण ते त्यांनीच लिहून दिलं होतं.

हे डॉक्टर औषधपाण्याचे नव्हेत. पतसंस्थेच्या सल्ला कक्षात बसून ते कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या सभासदांना काठावर आणत. कुणीतरी थट्टेनं ‘कर्जाचे डॉक्टर’ म्हणालं आणि नाव चिकटलं. आता शिपाईसुद्धा ‘डॉक्टर, चहा’ असंच म्हणायचा. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

सभागृहात तिसऱ्या रांगेत त्यांची बायको बसली होती. वर्षभर डॉक्टरांनी तिला एकच सांगितलं होतं, की संस्था डबघाईला आलीय, पगार अर्धाच मिळतोय, बाहेर कुठं बोलू नकोस. आणि आता अध्यक्ष भरल्या सभेत माईकवरून उलटंच सांगणार होते.

खरी गोष्ट अगदी साधी होती. शाळेपासूनच्या मित्राला फर्निचरच्या दुकानासाठी दुसऱ्या एका संस्थेचं कर्ज हवं होतं. डॉक्टर जामीन राहिले. “जामीनदार म्हणजे उद्याचा कर्जदार, डोळे मिटून सही करू नका,” हे ते टेबलापलीकडच्या माणसाला रोज बजावत. मित्रासमोर मात्र हातातला चहा संपायच्या आत सही करून मोकळे झाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुकान बसलं. मित्र बायकामुलांना घेऊन शहर सोडून गेला. जाताना त्याची बायको निरोप घ्यायला घरी येऊन गेली म्हणे; डॉक्टर तेव्हा ऑफिसात होते. पुढच्या महिन्यापासून त्यांचा अर्धा पगार हप्त्यात जाऊ लागला.

त्याच दिवशी घरी सांगितलं असतं तर बायको चिडली असती, दोन दिवस अबोला धरला असता, विषय संपला असता. पण सांगायचं राहिलं. राहिलेली गोष्ट मग रोज थोडी जड होत गेली.

बायकोनं कुरकुर केली नाही. तिनं कामवाली बंद केली, दूध कमी केलं, शेजारच्या मुलांच्या शिकवण्या धरल्या. वर “होईल सगळं ठीक, तुम्ही जेवा बघू,” म्हणून त्यांनाच धीर द्यायची. तेव्हापासून डॉक्टर आतून बधिर झाले होते. दाताचं इंजेक्शन घेतल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं त्यांना स्वतःचं सगळंच वाटायचं. जेवण गोड लागत नव्हतं आणि कडूही लागत नव्हतं.

आज सकाळी त्यांनी एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला होता.

“तू कशाला येतेस? नुसती आकडेमोड असते. कंटाळशील.”

“यंदा घरच्यांनाही बोलावलंय ना? मग येते की,” ती त्यांच्या शर्टाला इस्त्री करत म्हणाली होती.

“सभासदहो,” अध्यक्षांचा आवाज चढला, “ठेवी विक्रमी, नफा विक्रमी आणि थकबाकी आजवरची सगळ्यात कमी! असं वर्ष आपल्या संस्थेनं पाहिलं नाही. कर्मचाऱ्यांनाही यंदा पूर्ण पगाराइतका बोनस देतोय. आणि याचं श्रेय आपल्या डॉक्टरांना!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांना वाटलं होतं, या क्षणी पायाखालची जमीन सरकेल. काहीच सरकलं नाही. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बायको टाळ्या वाजवत होती. सगळे थांबल्यावरही तिच्या दोन टाळ्या जास्तच पडल्या.

“डॉक्टर, तुमचं औषध सांगा की आम्हाला!” कुणीतरी ओरडलं. त्यांना धरून माईकपुढे उभं केलं गेलं.

“औषध कसलं,” ते पाठ केल्यासारखं बोलू लागले. “समोर माणूस बसला की मी आधी कर्जाचं विचारतच नाही. पहिला प्रश्न एवढाच, घरी माहीत आहे का? नाही म्हणाला, तर त्याला परत पाठवतो. म्हणतो, आधी घरी सांगून या. अर्धं ओझं तिथंच उतरतं.”

लोकांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी झालेली डॉक्टरांना दिसली, आणि ते पायऱ्या उतरून खाली आले.

चहाच्या गर्दीत ती नव्हती. फाटकाशीही नव्हती. गेली असेल निघून, त्यांनी स्वतःला सांगितलं. हार हातात धरून ते आपल्या कक्षाकडे वळले. तिथं निदान कुणी अभिनंदन करणार नव्हतं.

दार उघडंच होतं. बायको त्यांच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पर्स घेऊन. तिनं समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

“बसा.”

डॉक्टर बसले. या बाजूला ते आजवर कधी बसले नव्हते. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. इतकी माणसं इथं बसून गेली, एकानंही सांगितलं नव्हतं.

टेबलावर हात ठेवून तिनं हळू आवाजात विचारलं, “घरी माहीत आहे का?”

कितीतरी महिन्यांनी डॉक्टरांना कुठंतरी दुखलं.

“नाही,” ते म्हणाले.

“आहे,” बायको म्हणाली. “पहिल्या हप्त्यापासून.”