जिन्यातला वास

ईद उद्यावर आली होती. शुब्रा मोहल्ल्यातल्या त्या इमारतीत आदल्या दिवशी घरोघरी कहकची बिस्किटं भाजायची, हा जुना शिरस्ता. यंदा मैद्याचा भाव ऐकूनच इन्साफनं बेत गुंडाळला होता. पण शेजारणींत नाक कसं कापून घ्यायचं? तिनं तापल्या तव्यावर चमचाभर तूप टाकलं, चिमूटभर साखर भुरभुरली आणि दार किलकिलं केलं. वास जिन्यात पसरला.

तेवढ्यात खालचे किराणावाले बिशाराकाका धापा टाकत दाराशी आले. इन्साफनं दार अंगानं अडवलं. आपण मैदा घेतलेला नाही, हे जगात फक्त यांनाच ठाऊक!

"कुणाकडून आणलास मैदा?" काका कडाडले.

"हळू बोला ना, काका."

"हळू कशाला? चारही मजल्यांवर घरोघरी घमघमतंय, आणि माझ्याकडचं एक पोतं फुटलेलं नाही! माझी गिऱ्हाइकं पळवणारा हा कोण नवा उपटलाय, त्याचं नाव सांग. आत्ता जाऊन गचांडी धरतो त्याची!"

इन्साफनं दार सताड उघडलं. शेगडीवरच्या रिकाम्या तव्यातून धूर निघत होता. बाजूला ना परात, ना पीठ.

समोरच्या उम्म रिदाचं, तसाच तुपाचा धूर सोडणारं किलकिलं दार हळूच बंद झालं. मग वरच्या मजल्यावरचं.

काका मटकन पायरीवर बसले.

"म्हणजे दुसरं दुकान नाहीच?"

"नाही, काका."

"असतं तर बरं झालं असतं गं, पोरी."