रिकामी पाकिटं

मी दांडी गावची आशाताई, घरोघरी औषधं पोचवणारी. आमच्या हरेश्वरकाकांना टीबीच्या रोज चार गोळ्या आहेत, आणि दर आठवड्याला ते रिकामी पाकिटं माझ्यापुढे टाकतात. पण दोन महिने झाले तरी खोकला हटत नाही, वजन वाढत नाही. म्हातारा गोळ्या समुद्रात फेकत असणार, दुसरं काय!

"दर्याची शपथ, एकबी फेकली नाय," काका म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही. आज सकाळी मी थेट किनारा गाठला. होडी सुटायच्या आधी काकांनी पाकीट फोडलं, एक गोळी स्वतः गिळली आणि उरलेल्या तीन होडीवरच्या तिघांच्या हातावर ठेवल्या.

मला बघून ते जराही दचकले नाहीत.

 

"आमी चौघंबी खोकतो, बाय. मासळीचे चार वाटे करतो, मग औषद एकट्यानं कसं खाऊ?"