मुद्दाम सोडलेलं प्रमेय
बेलवलीतली कीर्ती आणि कैलास जुळी भावंडं, दोघंही दहावीत. प्रिलिमला कीर्तीचे गणिताचे मार्क जास्त आले, तेव्हा पप्पांनी कैलासला पट्ट्यानं मारलं. "पोरीच्या मागे राहिलास! लाज नाही वाटत?" त्यामुळे बोर्डाच्या गणिताच्या पेपरात कीर्तीनं येत असलेलं प्रमेय मुद्दाम सोडलं, आणि फक्त कैलासला सांगितलं. निकालात कैलास पुढे होता. पप्पांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. "याला इंजिनिअर करू. हिचं गणित कच्चं, हिला आर्ट्स," ते आईला म्हणाले. कीर्ती पेढ्यांचा रिकामा बॉक्स आवरू लागली. कैलासला मात्र राहवेना. "पप्पा, मला गणित हिनंच शिकवलं. माझ्यासाठी हिनं प्रमेय सोडलं." कीर्तीला वाटलं, आता पट्टा निघणार. पण पप्पांनी हसून तिच्या पाठीवर थाप मारली. "एवढं छान शिकवतेस? मग डी.एड.च कर. मुलींना बरं असतं. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस घर."