शिष्यवृत्तीवरचा कर

“काका, माझ्या मेहुण्याला लॉटरीत स्कूटर लागली, तर आधी कर भरायला लावला. मग हिच्या शिष्यवृत्तीवर नाही लागणार?”

शेजारचे धुमाळ, एसटीतले कंडक्टर, संमतिपत्र हातात धरून माझ्या, म्हणजे एका कर-सल्लागाराच्या, दारात उभे होते. मागे त्यांची मुलगी केतकी. तिची इंजिनिअरिंगची फी त्या शिष्यवृत्तीतूनच भरायची होती आणि वडिलांच्या सहीची मुदत आज संपत होती. सही केली की ती रक्कम आपल्या पगारात धरून कर कापतील, अशी त्यांना धास्ती होती.

प्रश्न चांगला होता. मी आयकराचं पुस्तक उघडलं. “लॉटरी नशिबाने लागते. हे पैसे शिकण्यासाठी दिलेत. त्यावर कर नसतो, असं मला वाटतं.”

“वाटतं?” धुमाळांनी कागदाची घडी घातली.

केतकीचा चेहरा उतरला. “बाबा, सूर्य पूर्वेला उगवतो, हेसुद्धा काकांना वाटतंच!”

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. पुस्तकात संशयाला जागाच नव्हती. संशय होता तो माझ्यात.

“नाही लागणार,” मी म्हणालो. “ना तुम्हाला, ना हिला. नोटीस आली तर कर मी भरीन.”

माझा आवाज मलाच मोठा वाटला. धुमाळांनी कागदाची घडी उलगडली.

“इतकी वर्षं शेजारी आहात. पेपरवाल्याला उशीर का केलास, एवढंही तुम्ही कधी विचारलं नाही,” ते हसत म्हणाले. “तुम्ही एवढं बोललात म्हणजे कर खरंच नसणार. केतकी, पेन दे.”