तिसऱ्या वळणावरचा झेंडा

"बाई, तिसऱ्या वळणावर कोणीच पंच नव्हतं ना?"

'विचारून दाखव' म्हणून मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून अकरा नंबरने विचारलं. मागे तिघी एकमेकींच्या पाठीत तोंड खुपसून खिदळत होत्या. सोळा वर्षांखालच्या मुलींची सायकल शर्यत तिने नुकतीच जिंकली होती. निकालाचा कागद फळ्यावर लागला होता. तक्रारीसाठीची पंधरा मिनिटं संपली की तो पक्का, आणि त्यातली नऊ तर गेलीच होती.

मुख्य पंचबाई एरवी दातांच्या डॉक्टर. समोर कोणी तोंड उघडलं की त्यांना अक्कलदाढेच्या मागचंसुद्धा दिसतं, असं सगळी पोरं म्हणायची. त्यांनी मान वर केली नाही. त्या ठिपकीच्या कोपरावर पट्टी बांधत होत्या.

"नव्हतं. झेंडा धरणारे काका तापाने घरी पडलेत. का गं?"

"काही नाही. सहज."

ठिपकी म्हणजे लाल ठिपक्यांच्या हेल्मेटवाली, शर्यतीतली सगळ्यांत लहान मुलगी. शेवटच्या फेरीत तिसऱ्या वळणावर ती आतल्या बाजूने पुढे सरकली होती. तेवढ्यात कुंपणापाशी उभ्या असलेल्या अकरा नंबरच्या बाबांचा आवाज आला होता, "दाब तिला, दाब!" आणि अकरा नंबरने सायकल आत घेतली होती. जास्त नाही, वीतभर. मागे गवताच्या गठ्ठ्यांवर काहीतरी धप्पकन आदळलं. तिने वळून पाहिलं नव्हतं.

"पडलीस कशी?" बाईंनी ठिपकीला विचारलं.

"माझाच तोल गेला." ठिपकी अकरा नंबरकडे बघून चक्क हसली. "ताई, तू काय भारी वळतेस गं! एवढं चिकटून कसं वळायचं, मला शिकवशील?"

मागचं खिदळणं थांबलं.

"तसं वळायचं नसतं," अकरा नंबर म्हणाली.

टेबलावर तक्रारीच्या कागदांचा गठ्ठा होता. तिने वरचा कागद ओढला. 'कोणाविरुद्ध' या रकान्यात अकरा लिहिलं. 'तक्रार करणारा खेळाडू' या रकान्यातही अकरा लिहिलं. 'काय घडलं' इथे पेन जरा घुटमळलं. मग तिने सगळं लिहिलं, 'वीतभर'सकट.

बाईंनी कागद दोनदा वाचला. घड्याळ पाहिलं.

"तीन मिनिटं आहेत अजून. परत घ्यायचा असेल तर घे."

"नको."

"नियम माहीत आहे? वळणावर कोणाला दाबलं, तर पुढच्या शर्यतीत सायकल नाही. त्याच वळणावर झेंडा धरून उभं राहायचं. आणि पुढची शर्यत संघाच्या निवडीची आहे."

"माहीत आहे, बाई."

बाईंनी फळ्यावरचा कागद काढला. मग खालच्या पेटीतून पिवळा झेंडा काढून तिच्या हातात दिला. "घरी ने. धुऊन आण, फार मळलाय."

बाहेर बाबा गाडीच्या टपावर सायकल बांधत होते. आई फोनवर मावशीला तिसऱ्यांदा शेवटची फेरी सांगत होती.

"आली बघ आमची विजेती," बाबा म्हणाले. "आणि हा फडका कसला?"

"झेंडा आहे. मी पहिली नाही आले, बाबा. मी ठिपकीला दाबलं, ते लिहून दिलं. पुढच्या शर्यतीत मी तिसऱ्या वळणावर उभी राहणार आहे."

आईने मावशीला "थांब हं" म्हटलं. बाबांच्या हातातली दोरी सैल झाली.

"अगं पण निवड आहे त्या दिवशी. आणि पाहिलं तरी कोणी होतं तिथे?"

तिने झेंड्याची नीट घडी घातली आणि गाडीचं दार उघडलं.

"तुम्ही या त्या दिवशी, बाबा. फक्त कुंपणापासून जरा लांब थांबा. वळणावर सगळं ऐकू येतं."